ठाण्याचं बक्कल आणि चिरनेरचा प्रश्न : एका शिपायाच्या नोंदींचा शोध

प्रश्न लग्नाच्या बोलणीत निघाला. मुलीकडचे ठाण्याचे, तीन पिढ्या खारकर आळीत राहिलेले. मुलाकडचे उरण तालुक्यातले आगरी शेतकरी. सगळं ठरत आलं होतं. चहाच्या वेळी मुलीच्या वडिलांनी सहज सांगितलं की आमचे आजोबा इंग्रजांच्या काळात पोलिसात होते, घरात असं म्हणतात की ते चिरनेरलाही होते. त्यावर मुलाच्या आजीने विचारलं, "तुमचा आजा तवा कंचे बाजूला व्हता?"

प्रश्नात राग नव्हता. पण उरण भागात चिरनेर म्हटलं की २५ सप्टेंबर १९३० हा दिवस उभा राहतो. त्या दिवशी अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहासाठी जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. धाकू फोफेरकर, नवश्या कातकरी यांच्यासह आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. मामलेदार जोशी यांचाही त्याच दिवशी तिथे मृत्यू झाला. गावात हुतात्म्यांचं स्मारक आहे आणि दरवर्षी २५ सप्टेंबरला तिथे माणसं जमतात. ज्या घरातून त्या डोंगरावर कुणी गेलं होतं, त्या घराला समोरच्याचा आजा कुठे उभा होता हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.

मुलीच्या वडिलांनी, म्हणजे त्या शिपायाच्या नातवाने, प्रश्न टाळला नाही. "मला ठाऊक नाही, शोधून सांगतो," असं म्हणून ते घरी आले आणि कपाटातला जुना डबा उघडला. जुन्या कागदपत्रांच्या कामात माझा वावर असल्यामुळे ते माझ्याकडे आले. कुटुंबाच्या संमतीने हे प्रकरण इथे मांडतो आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

डब्यात तीन वस्तू होत्या. एक पितळी बक्कल, त्यावर रोमन अक्षरांत ठाणा जिल्हा पोलीस असा मजकूर आणि एक तीन आकडी नंबर. पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक ग्रुप फोटो, त्यात खुर्चीवर बसलेल्या साहेबांची नावं खाली छापलेली, मागे उभ्या असलेल्या शिपायांपैकी कुणाचंच नाव नाही. आणि पेन्शन मंजुरीचा एक घडीवर फाटलेला कागद.

नातवाने पहिलं पाऊल उचललं होतं ते कुणीही उचलेल असंच. माहिती अधिकारात एका पोलीस कार्यालयाकडे अर्ज केला: अमुक नंबरच्या शिपायाचं सेवापुस्तक मिळावं, आणि तो चिरनेरच्या बंदोबस्ताला होता का ते कळवावं. उत्तर एका ओळीचं आलं. सदर अभिलेख या कार्यालयात उपलब्ध नाही.

हे उत्तर खोटं असेलच असं नाही. अर्जात मात्र दोन अडचणी होत्या. एक, बक्कल नंबर म्हणजे माणसाची कायमची ओळख असं धरलं होतं. तसं ते नसतं. नंबर जिल्हा पोलीस दलाचा असतो. शिपाई निवृत्त झाला, बडतर्फ झाला, वारला, की तोच नंबर पुढे दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. शिपाई दुसऱ्या जिल्ह्यात गेला तर त्याला तिथला नवा नंबर मिळतो. त्यामुळे साल न सांगता नुसता नंबर दिला तर कारकुनाने चांगल्या मनाने शोधलं तरी हाती काही लागत नाही. दुसरी अडचण मोठी होती. ठाण्याच्या दलाला चिरनेरबद्दल विचारलं होतं, आणि १९३० साली चिरनेर ठाण्याच्या हद्दीत नव्हतंच.

पोलिसांचे जुने कागद शोधताना मी आधी हद्द काढतो, माणूस नंतर. नोंद हद्दीच्या मागे जाते, आणि ठाणे जिल्ह्याइतकी हद्द हललेला मुलूख महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. इंग्रजी अंमलाच्या सुरुवातीला हा उत्तर कोकण जिल्हा होता, १८३३ साली त्याला ठाणे हे नाव मिळालं. १८६९ मध्ये कुलाबा जिल्हा वेगळा काढला. पनवेल आणि उरणचा भाग तरीही ठाण्याकडेच राहिला, तो १८८३ मध्ये कुलाब्याला जोडला गेला. १९२० साली साष्टी तालुका दुभंगला. त्याचा दक्षिण भाग नव्या मुंबई उपनगर जिल्ह्यात गेला, उत्तर भाग ठाण्यात राहिला आणि पुढे ठाणे तालुका झाला. म्हणजे अंधेरी-कुर्ल्याच्या एखाद्या घरातला माणूस १९१५ साली पोलिसात लागला असेल तर त्याची नोंद ठाणे जिल्हा पोलिसांत शोधावी लागते. स्वातंत्र्यानंतर जव्हार संस्थान ठाण्यात आलं, त्याच्याबरोबर संस्थानी पोलिसांचे कागदही आले. १९६० मध्ये उंबरगाव गुजरातेत गेलं.

मग पोलीस आयुक्तालयं आली. ठाणे शहराचं १९८१ साली, नवी मुंबईचं १९९४ साली. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय झालं. प्रत्येक वेळी काही पोलीस ठाणी एका दलातून दुसऱ्या दलात गेली. पोलीस ठाण्याच्या इमारतीत असलेली रजिस्टरं बहुधा इमारतीबरोबर नव्या दलाकडे गेली. जुन्या मुख्यालयातली आस्थापनेची कागदपत्रं, म्हणजे भरती, बढती, शिक्षा, रजा यांच्या नोंदी, मागेच राहिल्या. गुन्ह्याचा कागद एकीकडे आणि शिपायाचा कागद दुसरीकडे, ही फाळणी लक्षात घेतली नाही की अर्ज भलत्याच दारावर पडतो.

चिरनेरचंच पाहा. १८८३ पर्यंत ठाणे जिल्हा, त्यानंतर कुलाबा. १९८१ च्या जानेवारीत कुलाब्याचं रायगड झालं. आज चिरनेर महसुली दृष्ट्या रायगड जिल्ह्यात आहे, जिल्हाधिकारी अलिबागला बसतात, पण उरण पोलीस ठाणं नवी मुंबई आयुक्तालयात आहे आणि आयुक्त बेलापूरला. १९३० च्या घटनेचा पोलिसी कागद शोधणाऱ्याने आजचा नकाशा हाती घेतला तर तो बेलापूरला जाईल. कागद मात्र कुलाबा जिल्हा पोलिसांनी लिहिलेला होता आणि त्याची प्रत कुलाब्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे गेलेली होती.

ही दुसरी प्रत फार महत्त्वाची. इंग्रजी व्यवस्थेत जिल्ह्याचा पोलीस सुपरिंटेंडेंट जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या, म्हणजे कलेक्टरच्या, देखरेखीखाली काम करी. दंगा, गोळीबार, मोठी मिरवणूक, जादा कुमक, या प्रत्येक गोष्टीचा पत्रव्यवहार दोन्हीकडे होई. कलेक्टरकडून तो इलाख्याच्या सरकारकडे जाई. म्हणून पोलीस कार्यालयाने "उपलब्ध नाही" म्हटलं तरी शोध तिथे संपत नाही. कलेक्टर कचेरीतला दंडाधिकारी शाखेचा दप्तरखाना असतो, आणि मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे गृह विभाग (विशेष) या मालिकेत सविनय कायदेभंगाच्या काळातल्या फायली आहेत. इलाख्याच्या पोलिसांचे दर आठवड्याचे गुप्तवार्तांचे गोषवारे आहेत, त्यांत जिल्हावार कोण कुठे बोललं, किती माणसं जमली, कुठे अटक झाली याची टिपणं मिळतात. शासनाने स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाची साधनं म्हणून १९५७ पासून जे खंड छापले ते याच प्रकारच्या कागदांतून निवडलेले आहेत.

एवढे सगळे कागद असूनही साधा शिपाई त्यांत सापडणं कठीण, आणि या प्रकरणात मला सर्वांत जास्त बोचतं ते हेच. सरकारी पत्रव्यवहारात अधिकाऱ्याला नाव असतं, शिपायाला आकडा असतो. सब-इन्स्पेक्टर अमुक, हेड कॉन्स्टेबल इतके, शिपाई इतके. राजपत्रित अधिकाऱ्यांच्या नेमणुका आणि बदल्या गॅझेटात छापून येत, सिव्हिल लिस्टमध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या छापील यादीत, त्यांची ओळ असे. शिपाई नावाने येतो तो मोजक्या प्रसंगी: जखमी झाला, मेला, बक्षीस मिळालं, शिक्षा झाली, किंवा खटल्यात साक्षीला उभा राहिला. आयुष्यभर नेकीने ड्यूटी करून शांतपणे निवृत्त झालेल्या माणसाची वरच्या कागदांत एकही खूण उरत नाही. त्याचं नाव फक्त जिल्ह्याच्या पातळीवरच्या वह्यांत असतं: शीट रोल (शिपायाच्या नोकरीचा नोंदपत्रक), सेवापुस्तक, रोजचे आदेश, पगारपत्रक, पोलीस ठाण्याची डायरी.

आणि नेमक्या याच वह्या आधी जातात. सरकारी कार्यालयांत कागदांची वर्गवारी असते. अ वर्ग कायम ठेवायचा, ब वर्ग ३० वर्षं, क वर्ग १०, क-१ वर्ग ५ आणि ड वर्ग १ वर्ष. धोरणाचे कागद वरच्या वर्गात जातात, रोजच्या कामाचे खालच्या. दप्तरखान्यात जागा नसते आणि वाळवी नियमांची वाट पाहत नाही, त्यामुळे निर्लेखनाची, म्हणजे जुने कागद काढून टाकण्याची, मोहीम आली की खालचे वर्ग बाहेर पडतात. कारकुनाचा यात दोष नाही, तो नियमाप्रमाणेच वागतो. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वीची एक पोलीस ठाण्याची डायरी म्हणजे त्या गावच्या रोजच्या आयुष्याची नोंद असते. कोण हरवलं, कुणाची म्हैस चोरीला गेली, विहिरीत कोण पडलं, कोणत्या रात्री गस्तीला कोण होतं. तिच्यात पोलिसाचं नाव असतं आणि कोळी, कातकरी, कुणबी अशा ज्या माणसांचं नाव दुसऱ्या कोणत्याच सरकारी कागदात येत नाही त्यांचंही असतं. अशा वह्यांना वर्षाच्या हिशेबाने वय लावणं मला मान्य नाही. निदान स्वातंत्र्यापूर्वीची जी काही रजिस्टरं जिल्हा मुख्यालयांत अजून पडून आहेत ती सरसकट पुराभिलेखागाराकडे गेली पाहिजेत. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ आहे, चौकट आहे, इच्छा हवी.

आता डब्यातल्या वस्तूंकडे वळू, कारण या प्रकरणाचं उत्तर जेवढं मिळालं तेवढं त्यांतूनच मिळालं.

बक्कल सांगतं की हा माणूस कधीतरी ठाणे जिल्हा दलात होता. यावर थोडा भरवसा ठेवता येतो, कारण शिपायाची भरती जिल्ह्याची असते, ज्येष्ठता जिल्ह्याची असते, आणि जिल्हा बदलला की ती ज्येष्ठता जाते. आजही आंतरजिल्हा बदली मागणाऱ्या शिपायाला हीच किंमत मोजावी लागते. म्हणून शिपाई सहसा आपला जिल्हा सोडत नाही. पण बक्कल साल सांगत नाही.

फोटोच्या पुठ्ठ्यावर १९३८ छापलेलं होतं. मागच्या रांगेतला डावीकडून चौथा माणूस आजोबा, हे घरच्यांचं ओळखणं. ते मान्य केलं तरी १९३८ मध्ये ते दलात होते एवढंच सिद्ध होतं. १९३० बद्दल फोटो गप्प आहे.

पेन्शनचा कागद जास्त बोलका निघाला. त्यावर ठाणे कोषागाराचं नाव होतं, आणि नातवाला वाटलं की नोकरी ठाण्यात झाल्याचा हा पुरावा. तसं नाही. पेन्शन माणूस जिथे राहतो तिथल्या कोषागारातून घेता येते. उपयोगाच्या होत्या त्या दोन नोंदी: निवृत्तीचं साल आणि पेन्शनसाठी धरलेली सेवा. निवृत्ती १९५० च्या दशकाच्या शेवटची, आणि धरलेली सेवा सत्तावीस वर्षांहून थोडी जास्त. वजाबाकी केली की भरतीचं साल १९३० च्या आसपास येतं. म्हणजे नेमकं त्या सप्टेंबरच्या दोन्ही बाजूंना.

इथे घाई केली असती तर हवं ते उत्तर काढता आलं असतं. थोडं इकडे सरकवलं की आजोबा निर्दोष, थोडं तिकडे सरकवलं की दोषी. पेन्शनसाठी धरलेली सेवा आणि प्रत्यक्ष नोकरी यांत फरक पडू शकतो. बिनपगारी रजा, निलंबनाचा काळ, अठरा वर्षांखालची सेवा अशा गोष्टी वगळल्या जातात. म्हणून वजाबाकीतून येतं ते भरतीचं उशिरातलं उशिरा साल. प्रत्यक्ष भरती त्याआधीची असू शकते, नंतरची नाही.

मग आत्याबाईंना विचारलं. शिपायाची थोरली लेक, वय नव्वदीच्या घरात, डोंबिवलीला असते. साल विचारलं तर तिला सांगता येईना. पण "बाबा पोलिसात कधी लागले?" असं विचारल्यावर ती लगेच म्हणाली, "मिठाच्या वर्षी. आमची आजी नेहमी म्हणायची, सगळी पोरं मीठ उचलायला निघाली आणि आमचं पोरगं पट्टा बांधायला." मिठाचं वर्ष म्हणजे १९३०. सत्याग्रह एप्रिलमध्ये पेटला. भरती त्यानंतरची धरली तर चिरनेरच्या दिवशी हा मुलगा दलात काही महिन्यांचा होता. नवा रंगरूट आधी मुख्यालयात कवायतीला असतो, बंदूक हाती घेऊन दुसऱ्या जिल्ह्यातल्या डोंगरावर जात नाही.

चिरनेरबद्दल आत्याला काय आठवतं, हेही विचारलं. डोंगर, झाडी, गोळ्या, यातलं बाबांनी कधीच काही सांगितलं नव्हतं. त्यांनी सांगितलं होतं ते असं: चिरनेरची बातमी आली तेव्हा सगळ्यांच्या रजा बंद झाल्या, पोलीस लाइनीतून कुणाला बाहेर सोडेनात, आणि रात्री एका हवालदाराने सगळ्यांना बसवून घडलेलं वाचून दाखवलं. ही आठवण मुख्यालयात असलेल्या माणसाची आहे. डोंगरावर असलेल्याची असती तर तिच्यात दुसरे तपशील आले असते.

आठवणीला मी कागदाइतकं वजन देत नाही, पण इथे चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात. दल ठाण्याचं, घटना कुलाब्याची. पेन्शनच्या हिशेबात भरती १९३० च्या सुमाराची. घरातली कालगणना मिठाच्या वर्षाची. आणि आठवणीचा मजकूर बराकीतला. विरुद्ध बाजूला एक शक्यता शिल्लक राहते, आणि ती मी कुटुंबापासून लपवली नाही. मोठा दंगा झाला की शेजारच्या जिल्ह्यातून कुमक मागवणं ही पोलिसांची नेहमीची रीत. गोळीबारानंतर धरपकड सुरू झाली, त्या काळात ठाण्याची माणसं तिकडे गेली असतील आणि त्यांत हाही असेल, हे आज हाती असलेल्या पुराव्यावरून पूर्णपणे नाकारता येत नाही.

नातवाने दुसरा अर्ज केला, तो मात्र नेमका. सेवापुस्तक मागितलं नाही. १९२९ ते १९३१ या काळातलं भरतीचं रजिस्टर आणि रोजच्या आदेशांची वही पाहायला मागितली. कागद दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे अर्ज तिकडे वर्ग करावा असं लिहिलं. तपासाशी संबंधित आहे म्हणून माहिती नाकारण्याची सोय कायद्यात आहे, पण कलम ८(३) नुसार वीस वर्षांपूर्वीच्या घटनेला तो अडसर लागू राहत नाही, तेही लिहिलं. आणि शेवटी एक ओळ, जी अशा प्रत्येक अर्जात असावी असं मला वाटतं: सदर अभिलेख नष्ट केले असल्यास नष्ट केल्याची तारीख, मंजुरीचा आदेश आणि नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी द्यावी. कागद जाळला तरी जाळल्याचा कागद राहायला हवा. ती यादी मिळाली तर निदान काय होतं हे कळतं, आणि कधीकधी तीच यादी शोधताना "नष्ट" झालेला गठ्ठा फळीवर सापडतो.

त्याच्या जोडीला दोन कामं चालू आहेत. पुराभिलेखागारात गृह विभाग (विशेष) मधल्या १९३० च्या कुलाबा जिल्ह्याच्या फायलींची मागणी नोंदवली आहे. त्यांत शिपायाचं नाव मिळेल ही अपेक्षा नाही. कुमक कोणत्या जिल्ह्यातून आणि कोणत्या तारखेला आली एवढं मिळालं तरी शिल्लक राहिलेली शक्यता मिटेल, या बाजूने किंवा त्या बाजूने. दुसरं काम खटल्याच्या कागदांचं. सत्याग्रहींवर खटला चालला, त्यात पोलिसांच्या साक्षी झाल्या, आणि साक्षीदाराला तर नाव द्यावंच लागतं. ती यादी हाती आली तर त्या दिवशी डोंगरावर असलेल्या काही पोलिसांची तरी नावं कळतील.

व्याह्यांकडे काय सांगायचं यावर घरात बराच खल झाला. एका काकांचं म्हणणं, "नव्हते" म्हणून मोकळं व्हा, कोण तपासायला जातंय. नातवाने ते ऐकलं नाही. तो उरणला गेला आणि आजींना सांगितलं की आजोबा ठाण्याच्या पोलिसात होते, त्याच वर्षी लागले होते, गोळीबाराच्या दिवशी ते तिथे असल्याचा एकही पुरावा मिळालेला नाही आणि नसण्याकडे बहुतेक पुरावा झुकतो, नंतरच्या धरपकडीबद्दल अजून शोधतो आहे. आजींनी त्याला भरतीच्या वेळी आजोबांचं वय किती होतं ते विचारलं. अठरा-एकोणीस असेल, तो म्हणाला. लग्न ठरल्या तारखेला झालं. दुसऱ्या अर्जावर भरतीच्या रजिस्टराचं उत्तर अजून यायचं आहे. मुदत उलटली तर पहिल्या अपिलाचा मसुदा तयार ठेवला आहे.